भरलेली टपालपेटी

एका नवजात बाळाचा टीएसएच अहवाल प्रयोगशाळेने मला ई-मेलने पाठविला आणि तो परत गेला. माझी पेटी भरली होती. अशा वेळी सूचना पाठविणाऱ्याला जाते. ज्याची पेटी भरली तो निश्चिंत असतो! तेथील तंत्रज्ञाने दुसऱ्या दिवशी आपणहून दूरध्वनी केला म्हणून निभावले. जन्मजात थायरॉईड-न्यूनतेत पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू व्हावे लागते. विलंबाची किंमत बाळाची बुद्धी मोजते.

रुग्णालयाने मला 500 एमबी जागा दिली आहे. ती पत्रांनी नव्हे, जोडपत्रांनी भरते. 9 एमबीचे क्ष-किरण चित्र प्रवासासाठी अक्षरांत रूपांतरित होते आणि सुमारे 12 एमबी जागा घेते. म्हणून मी पत्रे तारखेऐवजी आकारानुसार लावतो. वरची वीस-पंचवीस हाताळली की बरेचसे काम होते. पाठविलेल्या पत्रांचा कप्पाही त्याच जागेत मोजला जातो, हे मला फार उशिरा उमगले. पुसलेले पत्रही कचरापेटी रिकामी करेपर्यंत जागा अडवून बसते.

रुग्णांचे अहवाल मात्र आधी त्यांच्या नोंदीत जतन करावेत. आयएमएपी पद्धतीत संगणकावर पुसलेले पत्र सर्व्हरवरूनही जाते. पीओपीने ते उतरवून सर्व्हर मोकळा करता येतो, पण मग तीच एकमेव प्रत उरते. दुसरी प्रत कुलूपबंद डिस्कवर हवी.

तातडीचे अहवाल दूरध्वनीनेही कळवावेत, असे मी प्रयोगशाळेस आता लेखी दिले आहे. शनिवारी बाह्यरुग्ण विभाग आटोपल्यावर पंधरा मिनिटे पेटीसाठी राखली आहेत. परिषदांची माहितीपत्रके तेव्हा बिनदिक्कत जातात.