बंदुकीची गोळी : शिशाची की तांब्याची?



भात पोटरीला आले, भुईमुगाच्या शेंगा भरल्या, की रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत कसे उकरून टाकतो ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. त्यासाठीच कोकणात नि घाटमाथ्यावर काही घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. अशा बंदूकवाल्यांचा प्रश्न असतो, "परदेशात म्हणे आता तांब्याची गोळी वापरतात. मग आपण शिसेच का धरून बसलोय?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मात्र बंदूक कुठली, यावर आहे.

आधी परदेशातले पाहू. अमेरिकेत हरणाची शिकार रायफलने, तीनशे-चारशे मीटरवरूनसुद्धा करतात. रायफलच्या साध्या गोळीत आत शिसे आणि वर तांब्याचे पातळ कवच असते. शिसे जड आणि मऊ. पाण्याच्या ११.३ पट जड, तर तांबे ८.९ पट. जड गोळी वारा कापत जाते, लांबवर वेग टिकवते आणि मऊ असल्याने वेग उतरला तरी अंगात शिरताच फुलते. लांबच्या नेमाला शिसे सोयीचे, ते यामुळे.

पण फुलताना ती फुटतेही. शिशाचे बारीक कण जखमेपासून वीतभर, कधी हातभर लांब मांसात पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली लागत नाहीत, क्ष-किरणाच्या चित्रात मात्र चांदण्यासारखे दिसतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात शिकारी लोक गरिबांसाठी हरणाचे मांस दान करीत. २००८ साली त्या मांसात असे कण सापडले, तेव्हा आरोग्य खात्याला वाटप थांबवायला सांगावे लागले.

दुसरा फटका पक्ष्यांना. कॅलिफोर्नियात काँडोर नावाचे मोठे गिधाड आहे. १९८२ साली ते साऱ्या जगात फक्त २२ उरले होते. पिंजऱ्यात वाढवून पुन्हा रानात सोडले, तरी शिकाऱ्याने टाकलेली आतडी खाऊन शिशाच्या विषाने मरतच राहिले. शेवटी १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली.

तांब्याची गोळी अखंड असते. फुलाच्या पाकळ्यांसारखी उघडते आणि बहुतेक सारे वजन राखून पार जाते. खोट एकच, ती उघडायला वेग लागतो. बऱ्याच गोळ्यांना सेकंदाला ५५० ते ६०० मीटर तरी हवा. फार लांबून मारली तर न उघडता नुसते भोक पाडून जाते आणि जनावर जखमी होऊन पळते. म्हणून तिथले जाणते शिकारी तांबे घेतात आणि अंतर कमी करतात. माझ्या मते हाच शहाणपणा.

आता आपल्याकडे या. आपल्याकडची बंदूक म्हणजे ठासणीची, नाहीतर बारा बोअर. दोन्हींची नळी आतून गुळगुळीत, रायफलसारखी आटे पाडलेली नाही. तिला ती तांब्याची गोळी चालत नाही. म्हणून तांब्याच्या तारेचे तुकडे किंवा लोखंडी बेअरिंगची गोळी ठासण्याचा उद्योग करू नका, बरं का. नळी खरवडते, आणि अडकली तर फुटून हात जातो. चाळीस-पन्नास पावलांपलीकडे बार टाकू नये.

म्हणजे आपल्याला शिसेच राहिले. ठासणीच्या गोळीचा वेग कमी, त्यामुळे ती रायफलच्या गोळीइतकी फुटत नाही, पण हाडावर आपटली तर तुकडे होतातच. पण आपल्याकडे खरा धोका रानापेक्षा घरात जास्त आहे. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या वितळवून घरीच गोळ्या ओतायच्या, तेही चुलीवर, ही रीत काही ठिकाणी आहे. शिसे ३२७ अंशाला वितळते, चुलीच्या आचेवर सहज. त्याचा धूर नि भुकटी भांड्यांवर, धान्यावर, रांगत्या पोराच्या हातावर बसते. लहान मुलाच्या पोटातून शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट जास्त शोषले जाते. ते हाडांत साठते, बुद्धी मंदावते, आणि गेलेली बुद्धी औषधाने परत येत नाही. गरोदर बाईने तर त्या धुराजवळ फिरकूसुद्धा नये. तेव्हा घरी ओतणे बंद करा. गोळी किंवा काडतूस परवानाधारक दुकानातूनच घ्या, छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मगच भाकरीला हात लावा.

बॅटरीच्या पट्ट्या गोठ्यामागे टाकणेही तितकेच वाईट. गुरे त्या चाटतात. मग जनावर आंधळ्यासारखे भिंतीला डोके लावून उभे राहते, दात खाते, झटके येऊन मरते. अशी लक्षणे दिसली तर पशुवैद्याला बॅटरीचे आवर्जून सांगा, नाहीतर रोग ओळखण्यात वेळ जातो.

रानडुकराबाबत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असल्याखेरीज बार टाकू नका. बंदुकीचा परवाना वेगळा आणि ही परवानगी वेगळी. मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे, त्यामुळे मांस घरी नेता येत नाही. वनखात्याला ताबडतोब कळवा. पंचनामा झाल्यावर ते खोल पुरावे, ओढ्यात किंवा दरीत लोटू नये. आपली गिधाडे संपत आली ती शिशाने नव्हे, गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक औषधाने. गुरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. उरलीसुरली गिधाडे रायगडकडच्या कड्यांवर अजून दिसतात, त्यांच्या पोटात आता शिसे जायला नको.

पुरायचा खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, पुरुषभर खोल घ्यावा आणि वर दगड रचावेत, म्हणजे कोल्ही-कुत्री उकरणार नाहीत.