मशेरी, भूक आणि मेंदू

मलकापूर मागे टाकून आंबा घाटाकडे निघालं, की वाटेतल्या वाड्यांवर सकाळी एक वास हमखास येतो. तव्यावर तंबाखू काळीभोर होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि चिमूटभर हिरड्यांवर घासायची. ही मशेरी. "ती लावली की दुपारपर्यंत भूक लागत नाही," असं बाया सांगतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही.

हिरड्यांतून रक्तात गेलेलं तंबाखूतलं निकोटीन मेंदूत पोचतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढा भाग आहे. तिथल्या काही पेशींचं एक काम म्हणजे पोट भरल्याची वर्दी देणं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की निकोटीन नेमकं याच पेशींना जागं करतं. उंदीर कमी खाऊ लागले, अंगावरची चरबी घटली. म्हणजे पोट रिकामंच, वर्दी मात्र भरल्याची.

शेतात राबणाऱ्या, आधीच रक्त कमी असलेल्या बाईला ही फसवणूक फार महागात पडते. गरोदरपणात तर बाळाचं वजनही घटतं. शिवाय तंबाखू ओढणाऱ्यांचं वजन कमी दिसलं, तरी पोटाभोवती चरबी जास्त साठते. तोंडाचा कर्करोग वेगळाच.

सोडल्यावर भूक परत येते, वजन थोडं वाढतं. त्याला घाबरू नका. सोडायला मदत हवी असेल, तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर मोफत मिळते.