झोपेची गोळी : चार दिवसांची पाहुणी

झोप मोठी मानी. बोलावू लागलो की रुसते! मग एखादी शेजारीण मायेने आपल्या डबीतली गोळी पुढे करते. विरजण खुशाल उसने घ्यावे, झोपेची गोळी नाही. झोल्पिडेमचेच पाहा. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश उतरते. सकाळीही गुंगी राहू शकते. म्हणून २०१३ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने साध्या गोळीची स्त्रियांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. तेव्हा नवऱ्याची गोळी बायकोलाही नको! डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा, तेवढेच दिवस. गोळी घेतली की सरळ अंथरूण गाठावे. पुढले सात-आठ तास झोपेसाठी मोकळे हवेत. मद्यासोबत तर मुळीच नको. श्वास मंदावून जिवावर बेतते. फार दिवस घेतली असेल, तर एकदम न तोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. पाहुणीने घरची मालकीण होऊ नये, एवढेच!