जुन्या टोयोटा पिकअपला नवं हृदय

अमेरिकेत १९९० च्या आसपासच्या फोर-व्हील-ड्राइव्ह टोयोटा पिकअपमध्ये ३.० लिटरचं व्ही-६ इंजिन मिळे. ताकद १५० अश्वशक्ती, आणि हेड गॅस्केट जाण्याबद्दल ते बदनाम. त्याजागी हौशी लोक या पिकअपनंतर आलेल्या टोयोटा टॅकोमातलं ३.४ लिटरचं, १९० अश्वशक्तीचं इंजिन बसवतात. दोन्ही एकाच घराण्यातली, म्हणून जुना गिअरबॉक्स चालतो. एक्झॉस्टमध्ये मात्र फेरफार लागतात. खरी कसोटी वायरिंगची. नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याचे सेन्सर आणि जुन्या गाडीच्या तारा यांचा मेळ घालावा लागतो. घाईत जोडलेली एखादी तार पुढे फार छळते. इथे पैसे वाचवू नयेत. कायद्याचंही भान हवं. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, प्रदूषण-नियंत्रणाच्या सगळ्या उपकरणांसह. इंजिन विकत घेण्याआधी आपल्या राज्याचे नियम वाचा.