स्टुडिओतले संशोधन

दृश्यकलेतील स्टुडिओ-आधारित संशोधन पदवीत चित्र, शिल्प किंवा मांडणशिल्प घडवणे हीच संशोधनाची पद्धत असते. ऑस्ट्रेलियात अशा पदव्यांना बळ मिळाले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. शिक्षणमंत्री जॉन डॉकिन्स यांच्या धोरणामुळे स्वतंत्र कलाशाळा विद्यापीठांत विलीन झाल्या आणि चित्रकार-शिक्षकांकडूनही संशोधनाची अपेक्षा होऊ लागली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ च्या निबंधात कलेविषयीचे, कलेतून होणारे आणि कलेसाठीचे संशोधन असा भेद केला. त्यावरची चर्चा आजही थांबलेली नाही.

यांतले कलेतून होणारे संशोधन सर्वांत अवघड. इथे प्रश्न आधी पक्का ठरत नाही. रंगाचे पातळ थर एकावर एक देताना प्रकाशाचा अनपेक्षित परिणाम साधतो आणि त्यातूनच पुढचा प्रश्न सुचतो. म्हणून फसलेले कॅनव्हास, कच्ची रेखाटने, तारखांसह लिहिलेल्या नोंदवह्या जपाव्या लागतात. विचाराची वाट त्यांतच दिसते.

शेवटी प्रदर्शन आणि विवेचनात्मक प्रबंध, दोन्ही सादर होतात. हा प्रबंध नेहमीच्या पीएचडी प्रबंधापेक्षा बराच लहान असतो, पण सोपा मुळीच नाही. त्यात चित्रांचा नुसता खुलासा केला तर तो वाया गेला. काम कोणत्या परंपरेशी बोलते, नवे काय हाती लागले आणि कसे, हे त्यात यायला हवे. परीक्षक शक्यतो प्रदर्शन प्रत्यक्ष पाहतात, कारण पोत आणि आकारमान छायाचित्रात उतरत नाहीत.