पुस्तकातली फ्रेंच, बोलण्यातली फ्रेंच

आपली मुलं फ्रेंचचं व्याकरण पाठ करतात, पण आयटीच्या नोकरीत फ्रेंच सहकाऱ्याचा फोन आला की गप्प बसतात. कारण बोलीभाषा वेगळी असते. संगणकासाठी १९५५ मध्ये सुचवलेला 'ऑर्दिनातर' हा शब्द गप्पांत नुसता 'ऑर्दी' होतो. तो हळू चालला तर 'सा राम', म्हणजे वल्हं मारतोय! अचानक बंद पडला तर 'सा प्लाँत'. नकारातला 'न' गळून 'पा' तेवढा उरतो. आकड्याला 'शिफ्र' म्हणतात. हा अरबी 'सिफ्र'च, आपल्या उर्दूतलं सिफर! त्यावरूनच एन्क्रिप्शनला 'शिफ्रमाँ' म्हणतात. मित्राला 'त्यु', अनोळखी माणसाला 'वू'. तू-तुम्हीची सवय आपल्याला आहेच. व्याकरण हवंच, सोबत मुलांना रोज फ्रेंच ऐकू द्या, बोलू द्या.