भावाचे पान आणि मताचे पान

मंचरच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव झाले की दुसऱ्या दिवशी पेपरात भाव छापून येतात. आंबेगाव-जुन्नरकडे कांद्याचा भाव दहा किलोंवर सांगतात. मथळ्यात जो मोठा आकडा असतो तो सुपर गोळ्याचा. म्हणजे निवडलेल्या, मोठ्या, एकसारख्या मालाचा. आवकेत असा माल थोडाच असतो. गोलटी, बदला, चिंगळी या कमी प्रतींचे भाव बातमीच्या शेपटाला येतात. ज्याने माल विकला त्याच्या खिशात मात्र पट्टी असते. वजन, प्रत, हमाली-तोलाई आणि हातात पडलेली रक्कम, सगळे तिच्यावर लिहिलेले. पेपर आणि पट्टी शेजारी ठेवली की दिसते, छापलेला आकडा खरा आहे, पण त्यावरून बाजाराचा जो समज होतो तो खरा नाही. माध्यमांवरच्या अविश्वासाची चर्चा इथून सुरू करायला हवी. हा वाचक अडाणी नाही आणि बहकलेलाही नाही. त्याच्याकडे ताळा करायला कागद आहे, आणि ताळा जुळत नाही.

एरवी ही चर्चा सर्वेक्षणांवरून होते. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या अहवालात 2023 साली भारतातल्या 38 टक्के लोकांनी बहुतेक बातम्यांवर विश्वास असल्याचे सांगितले होते. पण ती पाहणी प्रामुख्याने इंग्रजी जाणणाऱ्या, इंटरनेटवर बातम्या वाचणाऱ्यांची. इकडच्या घोड नदीच्या खोऱ्यातला मराठी वाचक तिच्यात जवळपास नाहीच. त्याचे मत समजून घ्यायचे तर त्याच्या अनुभवाकडेच पाहावे लागते.

2023 चा उन्हाळा सरला आणि टोमॅटो भडकला. जुलैमध्ये नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोंच्या क्रेटला दोन हजारांच्या घरात भाव गेला. वाहिन्यांना दोन विषय मिळाले: शहरातल्या गृहिणीचे कोलमडलेले बजेट आणि टोमॅटोने कोट्यधीश झालेला जुन्नरचा शेतकरी. दोन्ही खोटे नव्हते. पण त्या भावाआधी कित्येकांनी तोडणीही परवडेना म्हणून प्लॉट सोडून दिले होते, लागवड घटली होती, आणि म्हणूनच भाव चढला होता. सप्टेंबर संपता संपता राज्यातल्या बाजारांत क्रेटला शंभर रुपये मिळायची मारामार झाली. तेव्हा त्याच उत्पादकाचा तोट्याचा हिशेब मांडायला कॅमेरे त्या संख्येने आले नाहीत. मला या एकाच उदाहरणात अविश्वासाचे मूळ दिसते. बातमी खाणाऱ्याच्या ताटापाशी उभी राहून लिहिली जाते. पिकवणाऱ्याचा खर्च तिच्यात धरलेलाच नसतो.

स्तंभलेखकांबद्दलची तक्रार याहून खोल आहे. 30 जुलै 2014 रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरड कोसळून डोंगराखाली गेले. बाहेर खबर पोचवली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या फेरीवर आला तर गाव जागेवर दिसेना. 151 माणसे गेली. ढिगारा उपसणे चालू असतानाच स्तंभांतून कारणे जाहीर होऊ लागली: वृक्षतोड, डिंभे धरण, पडकई. पडकई म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून भातखाचर तयार करण्याची तिथल्या आदिवासींची जुनी रीत. माणसांनी दगड रचून केलेली पडकई वेगळी आणि जेसीबी लावून कापलेला उतार वेगळा. हा फरक शेतात उभे राहिल्यावर लगेच कळतो, टेबलावर बसून कळत नाही. त्यामुळे मागे राहिलेल्यांच्या दुःखावर आणखी एक ओझे पडले, आपल्याच हाताने गाव गाडल्याचा ठपका. 2 एप्रिल 2017 रोजी आमडे येथे नव्या माळीणचे लोकार्पण झाले आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले. पहिले निदान तपासायला, चुकले असेल तर तसे लिहायला, परत येणारे भाष्यकार मात्र विरळाच.

यावर संपादकांचे म्हणणे असते की अविश्वास राजकारण्यांनी पेरला. टीका नको म्हणून ते पत्रकारांना विकाऊ ठरवतात. यात तथ्य आहे. पण पेरायला जमीन कुणी नांगरून दिली? 2009 च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा तोच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला, आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केले. पुढे त्या मुख्यमंत्र्यांच्या निवडणूक-खर्चाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 मध्ये निवडणूक आयोगाची नोटीस रद्द केली, हेही सांगितले पाहिजे. पण वाचकाचा प्रश्न साधा होता: स्पर्धक पेपरांत एकच मजकूर आला कुठून? प्रेस कौन्सिलने नेमलेल्या परंजय गुहा ठाकुरता आणि श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर 2010 मध्ये सविस्तर अहवाल दिला, तर कौन्सिलने तो पूर्ण प्रसिद्धच केला नाही. माहिती आयोगाच्या आदेशानंतर, 2011 मध्ये तो लोकांना पाहायला मिळाला. तालुक्याच्या बातमीदाराला तुटपुंजे मानधन आणि जाहिरातींचे टार्गेट देणारी व्यवस्था त्यानंतरही बदललेली नाही. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची त्याच्याविरुद्ध या बातमीदाराने लिहावे तरी कसे?

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पेपरवरचा विश्वास उडालेला माणूस विश्वास ठेवणे थांबवत नाही. तो मोबाइलवर आलेल्या निनावी मजकुरावर ठेवतो. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. पेपरात चूक करणाऱ्याचे नाव-पत्ता तरी असतो. म्हणून पेपर बंद करा, हा उपाय होऊ शकत नाही. अविश्वास उपयोगी कधी पडतो, तर तो जाब विचारतो तेव्हा किंवा नवा पेपर काढतो तेव्हा. महाराष्ट्राला हे नवीन नाही. 1920 साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, तरी ‘मूकनायक’ निघालाच. मंचरच्याच रस्त्यावर खाली चाकणला कांद्याचे आंदोलन उभे राहत होते, तेव्हा शेतकरी नेते शरद जोशींना ‘वारकरी’ साप्ताहिकाची गरज वाटली.

वेगळा पेपर काढणे प्रत्येकाला जमणार नाही, जाब विचारणे जमेल. बातमी चुकीची वाटली तर आधी संपादकाला लेखी कळवा, सोबत आपली पट्टी, सातबारा, जो असेल तो पुरावा जोडा. दाद मिळाली नाही तर दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे दोन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. कौन्सिलला दंड करण्याचा अधिकार नाही, समज देता येते, ताशेरे ओढता येतात. वृत्तवाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत.